परमनंट माणसाची हजेरी

सोलापूरच्या भवानी पेठेत सिद्रामप्पांना कुणी “काय चाललंय?” विचारलं की ते लगेच उत्तर द्यायचे नाहीत. आधी डोळे किलकिले करायचे, मग लांबच्या प्रवासातून नुकतंच उतरल्यासारखं म्हणायचे, “कुटं काय? हितंच हाय की.” त्यातला ‘हितंच’ ते असा ताणायचे, की विचारणाऱ्यालाच शंका यावी, हे खरंच इथं आहेत ना?

शंका अगदीच खोटी नव्हती. सदुसष्टाव्या वर्षी सिद्रामप्पा दोन ठिकाणी राहायचे. देहानं भवानी पेठेतल्या माडीवरच्या खोलीत, आणि कागदोपत्री कॅनडातल्या रिजायना नावाच्या गावात, जिथं त्यांची एकुलती लेक सिद्धेश्वरी नोकरीला होती. त्यांचा जिवलग मौलाली याच्या जिभेला ते नाव कधी वळलं नाही. तो म्हणायचा, “क्या रे सिद्राम, कब जारा तेरे रजियानगर कू?” जणू ते विजापूर रोडला एक स्टॉप सोडून आहे.

सिद्रामप्पा आणि मौलाली यांची ओळख गिरणीच्या गेटवरची. दोघंही बदली कामगार. बदलीवाला म्हणजे रोज सकाळी डबा घेऊन गेटवर उभं राहायचं. आत कुणाची दांडी पडली, तर त्याच्या जागी तुम्ही. नाही पडली, तर डबा तसाच घरी. जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, बाहेर यायचा, रांगेवरून नजर फिरवायचा, आणि एकेकाकडे बोट करायचा. “तू. तू. तू न्हाय.” एवढंच बोलायचा. पण ते ‘तू न्हाय’ असं काही, की माणसाला वाटावं, आपण जन्मालाच यायला नको होतं.

दोनशे चाळीस दिवस सलग भरले की माणूस परमनंट व्हायचा, असं सगळे म्हणायचे. सिद्रामप्पांचे दोनशे सदतीस झाले, दोनशे अडतीस झाले, की बरोबर ब्रेक मिळायचा. पुन्हा पहिल्यापासून. अशी अठरा वर्षं. मग एका सकाळी गेटवर नोटीस लागली आणि गेट उघडलंच नाही. पुढं त्यांनी चादरीच्या कारखान्यात माग दुरुस्त केले, लेकीला इंजिनिअर केलं, बायकोला शेवटपर्यंत सांभाळलं. पण ‘परमनंट’ हा शब्द कुठं ऐकू आला, की त्यांची मान आजही तिकडं वळायची.

म्हणून सिद्धेश्वरीनं आईवडिलांना बोलावून घ्यायच्या सोडतीत तीन वर्षं वडिलांचं नाव घालून शेवटी कॅनडाचं कार्ड मिळवलं आणि त्यावर काय लिहिलंय ते वाचून दाखवलं, तेव्हा सिद्रामप्पांनी तिला ते चार वेळा वाचायला लावलं.

“परमनंट रेसिडेंट, अप्पा.”

“पयलाच शब्द परत म्हण.”

“परमनंट.”

“हां. आता म्हण की जरा दमानं.”

रिजायनात ते सात महिने राहिले. बावीस सालच्या जूनमध्ये गेले होते. पुढं एक दिवस सकाळी खिडकीबाहेर बर्फ पडायला लागला, आणि तो त्यांना बर्फ वाटलाच नाही. गिरणीत कापूस पिंजायच्या खात्यात असंच पांढरं तरंगायचं. भुवयांवर बसायचं, मिशांवर बसायचं, माणसं घरी जाताना म्हातारी होऊन जायची. फक्त तिथं यंत्रांचा आवाज असायचा. इथं सगळी गिरणी चालू होती आणि आवाज कुणीतरी काढून नेला होता. सिद्धेश्वरी सातला कामावर जायची ती सहाला यायची. तोवर सिद्रामप्पा खुर्चीत बसून तो बिनआवाजाचा कापूस पाहत राहायचे. कधी डोळा लागायचा, कधी उघडा राहायचा, फरक पडायचा नाही.

जानेवारीत गड्डा आला. सोलापूरचा माणूस सिद्धेश्वराच्या यात्रेला गावात नाही, म्हणजे काय! “म्हैनाभर जाऊन येतो,” म्हणून ते आले. महिन्याची तीन वर्षं झाली. परत जायची घाई नव्हती, कारण त्यांचा हिशोब सरळ होता: आपण परमनंट. परमनंट माणसाला कोण काढतंय?

यंदाच्या दसऱ्यानंतर एक दिवस सकाळी सातला फोन वाजला. इथली सकाळ म्हणजे तिथली आदल्या दिवसाची संध्याकाळ. त्यामुळं सिद्धेश्वरीचा फोन नेहमी कालमधून यायचा, आणि सिद्रामप्पांना ते मनापासून आवडायचं. आपली लेक कालमध्ये राहते, तिथून हाक मारते. पण त्या दिवशी कालमधून आलेला आवाज कोरडा होता.

“अप्पा, ॲक्च्युअली, तुमच्या डेजचा प्रॉब्लेम आहे. पाच वर्षांत सातशे तीस दिवस इथं राहावं लागतं. तुमचे फक्त दोनशे तेरा झालेत. बेसिकली, नऊ जानेवारीच्या आत आलात आणि मग सलग दीड वर्ष हललाच नाहीत, तर मिनिमम रिक्वायरमेंट...”

“दिवस? कुणाचं दिवस?”

“तुमचे. हजेरी म्हणा.”

“यव्वा, परमनंटला हजेरी कसली? हजेरी बदलीवाल्याला आसती.”

“कुणी सांगितलं तुम्हाला असं?”

“गिरणीनं.”

तशी पलीकडं कॅनडाची सगळी इंग्रजी गळून पडली आणि शुद्ध भवानी पेठ ओरडली, “अप्पा, ती गिरणी हाय का आता? तीन वर्षं झाली मी म्हणायलीय, परत या, परत या, तुमी नुसतं व्हय व्हय म्हणताव की!”

त्या दिवसापासून सिद्रामप्पांच्या दुपारा बिघडल्या. जेवून कलंडलं की गिरणीचं गेट समोर यायचं, पण गेटवर गुडघाभर बर्फ असायचा. बदलीवाले रांगेत उभे, डबे हातात, भुवया पांढऱ्या. जाड कोटातला, तोंड झाकलेला जॉबर बाहेर यायचा आणि इंग्रजीत बोट फिरवायचा. बोट सिद्रामप्पांवर आलं की ते “हाजर!” म्हणून ओरडायला जायचे, तर तोंडातून शब्दाऐवजी नुसती वाफ. बोट पुढं सरकायचं. जाग यायची तेव्हा ऊन पायापर्यंत आलेलं असायचं आणि शेजारच्या गल्लीतले माग खटाखट चालू असायचे.

“जातो,” ते एक दिवस म्हणायचे. “न्हाय जमायचं,” दुसऱ्या दिवशी. मौलालीनं शेवटी विचारलं, “अरे, तेरे कू वां रैना है की नै, इतना तो बोल!”

“ऱ्हायचं न्हाय रं. पर कार्ड गेलं तर मी पुन्यांदा बदलीच की. आन पोरीनं तीन वर्षं माझं नाव घातलं. तिला काय वाटंल, बापानं टाकून दिलं?”

“हौ, वो भी है,” मौलाली म्हणाला.

डिसेंबर लागला. सिद्धेश्वरीनं तिकिटांचं बघितलं होतं. फोनवर ती म्हणाली, “अप्पा, एक विचारू? खरं सांगायचं. यायचंय का तुम्हाला?”

सिद्रामप्पांनी फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला.

“तुम्ही इथं होतात ना, तेव्हा मी ऑफिसमधून घरातला कॅमेरा बघायचे. तुम्ही खिडकीत बसलेले. तासाभरानं बघितलं तरी तसेच. चहा ठेवून गेलेले असायचे, तोही तसाच. मला भीती वाटायची, अप्पा. मग तुम्ही पापणी हलवायचात, आणि मी कामाला लागायचे.”

“मग सांगितलं का न्हाईस?”

“तुम्ही सांगितलंत?”

दोघंही हसले, पण कडेकडेनंच. मग ती म्हणाली, “आणखी एक रस्ता आहे. कार्ड आपणहून सोडता येतं. फॉर्म भरायचा, कार्ड परत द्यायचं. मग व्हिसा काढून पाहुणे म्हणून या, महिना, दोन महिने. दिवस मोजायला नकोत.”

“आपणहून? म्हंजी त्येला काय म्हणत्यात?”

“रिनाउन्स... म्हणजे... राजीनामाच की.”

सिद्रामप्पा खुर्चीत ताठ झाले.

“राजीनामा? परमनंटचा?”

“व्हय.”

“यव्वा, तुला वंगाळ वाटंल का?”

“वाटंल,” ती म्हणाली. “थोडं दिवस. पण चहा पिताना दिसाल ना तिथं?”

फोन ठेवला तसे सिद्रामप्पा चपला घालून थेट मौलालीकडं गेले. “मौलाल्या, बदलीवाल्यानं कधी राजीनामा दिल्याला बघितलाईस?”

मौलालीनं गंभीरपणे आठवलं. “किसकू देता? उसकू तो ‘कल से नक्को आ’ बोलते. खतम.”

“मंग? राजीनामा कोन देतं?”

मौलालीच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडला. “अर्रे! परमनंट देता!”

“आन मी देनार हाय. चल.”

एजाजच्या झेरॉक्सच्या दुकानात ऑनलाइन अर्ज भरून मिळायचे. एजाज सगळं एका दमात बोलायचा, “बोला काका आधार पॅन जातीचा दाखला काय.”

“कॅनडाचा राजीनामा.”

एजाजचा दम पहिल्यांदा तुटला. सिद्धेश्वरीनं पाठवलेला फॉर्म त्यानं भरला. सोबत एक पत्र जोडायचं ठरलं, आणि सिद्रामप्पा हात मागं बांधून सांगू लागले, “लिव. मेहेरबान साहेब. मी आपल्याकडं दोनशे तेरा दिवस हजर होतो. गाव चांगलं हाय. मानसं चांगली हाईत, पर आवाज न्हाय. माझी लेक तितंच हाय, तिला सांभाळावं. आपली कायबी तक्रार न्हाय.”

“काका, असं नसतंय लिहीत. ‘ड्यू टू पर्सनल रीझन्स’ टाकतो, सगळे तेच टाकतेत.”

“टाक. पर ‘माझ्या मर्जीनं’ हे पायजेच. कुनी काढलं न्हाय मला.”

“त्याला इंग्लिशमध्ये...”

“कायबी आसू दे. मोठ्या अक्षरात टाक.”

प्रिंट निघाली. सिद्रामप्पांनी पेन मागितलं, टेबल पुसून घेतलं, मौलालीला उजेडातून बाजूला व्हायला सांगितलं. मग आडनावासकट, एकही अक्षर न तोडता, सावकाश सही केली. बाहेर रिक्षा वाजत होत्या, कुणीतरी एजाजला सुट्टे मागत होतं. सिद्रामप्पांना त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. सही वाळेपर्यंत ते तिच्याकडं पाहत राहिले. मग म्हणाले, “आता येक झेरॉक्स काढ. आन तिला लॅमिनेशन कर.”

“राजीनामे कू लॅमिनेशन?” मौलाली म्हणाला. “दीवार पे लगाता क्या?”

“लावतो की.”

मशिनीतून कागद गरमागरम बाहेर आला. सिद्रामप्पांनी तो दोन बोटांत धरून फुंकर मारली आणि मौलालीच्या नाकासमोर नेला. “वाच.”

“मेरे कू अंग्रेजी कां आती?”

“मलाबी येत न्हाय,” सिद्रामप्पा म्हणाले. “पर सही बघ की, कसली आलीया!”