टॅक काही जमला नाही

पडायचं म्हणजे किती पडायचं माणसानं! त्या उन्हाळ्यात मी धरणाच्या फुगवट्याचं इतकं पाणी प्यायलो की घरी आल्यावर चहासुद्धा नको व्हायचा.

शिरोलीत माझं छोटं वर्कशॉप आहे. पन्नाशी ओलांडलेली, पोट सुटलेलं. अशा माणसानं शिडाच्या बोर्डावर उभं राहायचं खूळ घेतलं ते लेकीमुळं. गोव्यात नोकरीला असताना ती हे शिकली आणि परत येताना एक सेकंडहँड बोर्डच उचगावच्या घरी घेऊन आली. ह्या बोर्डाखाली पाण्यात एक पातं असतं. वेग धरला की ते बोर्डाला हातभर वर उचलतं आणि आपण पाण्याला न शिवता पुढं जातो. पहिल्यांदा तसा उचलला गेलो तेव्हा मी मोठ्यानं ओरडलो होतो. तिची आई गेल्यापासून आमच्या घरात ‘जेवलीस का’ आणि ‘जेवले’ एवढंच बोलणं उरलं होतं. बोर्ड आल्यापासून आम्ही दोघं रविवारची वाट बघायला लागलो.

अडचण होती ती परत येण्याची. वारा आमच्या काठाकडून पलीकडं सुटायचा, त्यामुळं जाणं सोपं. परत यायचं तर वाऱ्याविरुद्ध तिरकं तिरकं चढत यायचं आणि मधेमधे बोर्डाचं तोंड वाऱ्यातून फिरवून दुसऱ्या अंगाला वळायचं. त्या वळण्याला टॅक म्हणतात. वळताना शिडाच्या काठीला पुढून वळसा घालायचा, हात बदलायचे, पाय बदलायचे, आणि हे सगळं बोर्ड पाण्याला टेकायच्या आत. माझं कायम पायात पाय. पाण्यातून वर येईस्तोवर वाऱ्यानं मला मागं ढकललेलं असायचं. असं करत करत मी पलीकडच्या काठाला लागायचो. तिकडं बाभळीचे काटे. मग लेक स्कूटरवरनं, पूल ओलांडून, माझ्या चपला घेऊन यायची. बोर्ड ती वाऱ्याविरुद्ध हाकत परत न्यायची आणि मी चपला घालून स्कूटरवरनं मागं.

त्या पलीकडच्या काठाला एक मामा म्हसरं धुवायला असायचे. मला बघितलं की हाळी द्यायचे, “काय पावणं, आज बी हिकडंच?”

मग लेकीला परदेशात नोकरी लागली. ती म्हणाली, “पप्पा, एकदा तरी आपलं आपण वळून ह्या काठाला येऊन दावा. न्हाय तर बोर्ड मी गोव्याला परत देणार. मी नसताना तिकडं अडकलात तर कोण येणार न्यायला?” तिचं खरं होतं. पण बोर्ड गेला तर फोनवर आम्ही बोलणार तरी काय? परत आपलं जेवलीस का.

मला वाटलं, दोष मशीनमध्ये असणार. काठी बोर्डाला जिथं जोडतात तिथं रबराचा सांधा होता आणि काठी चहूकडं लोळायची. आमच्या धंद्यात ह्याला प्ले म्हणतात, आणि प्ले दिसला की आमचे हात शिवशिवतात. शनिवारी लेथवर झकास स्टीलचा बुश, म्हणजे घट्ट बसणारं कडं, काढला आणि सांध्यावर ठोकून बसवला. काठी अशी ताठ उभी राहिली, देवळापुढची दीपमाळच! रविवारी शिडात वारा शिरला मात्र, अख्खा बोर्ड उताणा. पोरगी काठावर पोट धरून हसत होती.

“अहो पप्पा, ते लोळायलाच पायजे की! शीड कलतं म्हणून तर बोर्ड वळतो!”

“मग आधी सांगायचं न्हाईस व्हय?”

“तुमी आवळायला जाशीला हे मला काय ठाऊक!”

तो बुश शेवटी हॅक्सॉनं कापून काढला.

ती जायच्या आधीच्या रविवारी तर अगदी जमत आलं होतं. काठीला वळसा घातला, हात बदलले, पाय बदलला. आणि जिथं शीड सैल सोडायचं तिथं मी ते घट्ट ओढून धरलं. गेलो पाण्यात! एवढी चीड आली स्वतःची की पाण्यावरच बुक्क्या मारल्या. ती नेहमीसारखी चपला घेऊन आली. मी म्हटलं, “ने तुझा बोर्ड.” तिनं नेहमीसारखा बोर्ड पाण्यात लोटला. विमानतळावरही तो विषय निघाला नाही.

पुढच्या रविवारी घर खायला उठलं म्हणून धरणावर गेलो. बोर्ड आम्ही धरणाच्या वॉचमनच्या खोलीमागं ठेवायचो, तो होता तसाच. लाइफ जॅकेट चढवलं आणि एकटाच निघालो. वळायला गेलो, पडलो. पुन्हा पडलो. व्हायचं तेच झालं. पलीकडच्या काठाला लागलो आणि काट्यांच्या भीतीनं घोटाभर पाण्यात नुसता उभा राहिलो.

मामांनी म्हसराच्या पाठीवर थाप मारत बाभळीकडं हात केला. फांदीला एक पिशवी लटकत होती. आत माझ्या जुन्या चपला. मी आठवडाभर घरात त्याच शोधत होतो.

“लेक ठिवून गेली की. म्हणली, पप्पा हिकडंच येतील, आले की द्या.”

आधी रागच आला. म्हणजे बापाला वळता येणार नाही, हे हिनं धरूनच ठेवलं होतं! आणि तरी बोर्ड ठेवून गेली. चपला पायात घातल्या. तिथंच बसलो आणि रडायला लागलो.

मामा जवळ आले. “काय वो पावणं, नाकात पाणी गेलं व्हय?”

“व्हय,” म्हटलं.