जाड नळीचा उजेड

बंदूक कधी हातात न धरता बंदुकीच्या दुर्बिणीवर दोन तास बोलू शकेल असा माणूस अख्ख्या भिलाईत एकच आहे, आणि तो नेमका माझा साडू निघाला. साडूंनी प्लान्टमध्ये जन्मभर मापं तपासली. रिटायर झाले तरी जाडी मोजायचं व्हर्नियर खिशातच. रिसालीला त्यांच्याकडे जेवायला गेलो तर पोळीचीसुद्धा जाडी मोजून सांगतात, आणि पोळी लाटणारी माझी मेहुणी वर कौतुकानं हसते. माझ्या घरी मी हे केलं असतं तर पुढची पोळी मिळाली नसती. मला त्यांचा हेवा वाटतो, लपवून काय उपयोग.

माझी मुलगी छर्र्याच्या रायफलीनं नेमबाजी शिकते आणि अडलं की फोन या काकांना करते. म्हणून रायफलीची दुर्बीण मी कुणालाही न विचारता आणली, चांगली तीस मिलिमीटर नळीची. पाण्याच्या पाइपलाइनीवर नोकरी काढलेला माणूस मी. पाइप जाड तर पाणी जास्त, उजेडाचंही तसंच असणार. साडूंनी नुसती बघण्यासाठी घेतलेली आपली एक इंची, म्हणजे माझ्याहून बारीक नळीची दुर्बीण शेजारी ठेवली, दोन्हींना व्हर्नियर लावलं आणि पोरीसमोर म्हणाले, "साडभाऊ, उजेड समोरच्या काचातून येते, अन् ते दोघांचीबी सारखीच आहे. जाड नळीत निशाणा वर-खाली कराले जागा जास्त भेटते, बस." पोरगी हसली. ते हसू मला आठवडाभर टोचत होतं.

शेवटी एका संध्याकाळी सेक्टर १० मधल्या आमच्या गच्चीवर निकाल लावायचं ठरलं. दोन्ही दुर्बिणी सारख्याच पॉवरवर ठेवून लांबच्या टाकीवरचा नंबर वाचायचा. साडूंनी माझी लावली, मग आपली, मग पुन्हा माझी. पोरगी वही घेऊन थांबली होती. ते माझ्या कानाशी आले.

"मले दोन्हीतून धूरच दिसून राह्यला. तुमी पाहा अन् सांगा. तुमी म्हणान तेच खरं."

इतक्या वर्षांनी जिंकायचं माझ्या हातात आलं होतं. मी पाहिलं. नंबर दोन्हीतून तितकाच स्वच्छ दिसत होता.

"सारखंच आहे," मी पोरीला म्हणालो. "काका बरोबर होते."

डॉक्टरांनी साडूंना मोतीबिंदू सांगितला. ऑपरेशन होईपर्यंत व्हर्नियर ते लावतात आणि आकडा मी वाचतो. एखादा चुकीचा सांगावा असं रोज मनात येतं. अजून जमलेलं नाही.