लातूरच्या वाटेवरचा एक तास

फसली १३५३, बहमन महिन्याची अकरा तारीख. सकाळी सहा वाजता नांदेडहून लॉरी निघाली. फसली म्हणजे निजाम सरकारच्या कचेऱ्यांत चालणारे वर्ष. बहमन थंडीत येतो. तारखेबद्दल माझी खात्री आहे. सहाबद्दल नाही.

तेव्हा आमच्याकडे दोन वेळा होत्या. दुसरे महायुद्ध चालू होते आणि वरून हुकूम येऊन घड्याळे एक तास पुढे सरकली होती. रेल्वे आणि टपाल नव्या वेळेने चालत. बाजार, शाळा, मशीद आणि शेत जुन्याच वेळेने. जुन्या वेळेचे तीन म्हणजे नव्या वेळेचे चार. एवढे मला समजत होते. समजणे आणि दिवसभर सांभाळणे या निराळ्या गोष्टी आहेत, हे त्या दिवशी कळले.

आमच्या कंपनीच्या दोन लॉऱ्या होत्या. मालक, मुनीम, दोन ड्रायव्हर आणि रसूलमिया, एवढीच कंपनी. पेट्रोल मिळत नसल्यामुळे लॉऱ्या कोळशावर चालत. मागच्या अंगाला माणसाएवढी लोखंडी टाकी बसवलेली असे. तीत बाभळीचा कोळसा पेटवायचा, भाता फिरवून धग धरायची, आणि निघणारा गॅस गाळणीतून इंजिनात सोडायचा. ही आग सांभाळणे रसूलमियांचे काम. ते साठीचे होते. मी सव्वीस वर्षांचा होतो आणि एकट्याच्या जबाबदारीवर लातूरला प्रथमच निघालो होतो.

लॉरीत कापसाच्या गाठी होत्या. नांदेडला मालगाडीचे डबे मिळेनात, म्हणून माल लातूरला नेऊन तिथल्या छोट्या रेल्वेवर चढवायचा होता. मालकांनी मला खिशातले घड्याळ दिले.

"नारायण, हे नव्या वेळेवर लावलंय. ठेसनातल्या घड्याळाशी मिळवून आणलंय. ह्याच्यावरच चालायचं. आणि वाटेत माणसं घ्यायची नाहीत."

पेट्रोलचा एक डबाही दिला. तो केवळ इंजिन सुरू करण्यापुरता होता. सकाळी त्यातले चार घोट घालायचे आणि मग कोळशावर यायचे. मी भाता फिरवायला बसलो, तेव्हा घड्याळ रसूलमियांच्या हाती दिले. त्यांनी ते टाकीजवळच्या खिळ्याला अडकवले. निघताना मी पाहिले: सहा. वहीत सहा लिहिले.

गोदावरी मागे टाकली तेव्हा पूर्वेला तांबडे फुटू लागले होते. नव्या वेळेच्या सहाला चांगला काळोख हवा. हा उजेड आज लवकर कसा आला, असा प्रश्न माझ्या मनात आला. उत्तर मिळाले नाही, म्हणून मी प्रश्न सोडून दिला.

कोळशाची लॉरी चालवणे म्हणजे हट्टी बैलाशी बोलणी करणे. सपाटीवर ती ताशी बारा मैल जाते. चढ आला की श्वास टाकते. धग कमी झाली की थांबायचे, लांब सळईने कोळसा ढवळायचा, पुन्हा भाता. दोन्ही बाजूंना ज्वारी कमरेच्या वर आली होती आणि आमच्या धुराला घाबरून पाखरांचे थवे उठत होते. घड्याळात आठ वाजता लोहा आले.

लोह्याच्या वेशीबाहेर एक बाई रस्त्याच्या मधोमध उभी होती. पन्नाशीची, काखेत गठुडे. मला थांबावेच लागले.

"डायवरदादा, लातूरला जाऊन राहिलात का?"

"माल घेऊन जातो. माणसे घेत नाही."

"मंग मला माल समजा. हे एक गठुडं आन् म्या एक गठुडं."

रसूलमिया मागून हसले. "ले ले रे बेटा. गाठी से हलकी है अम्मा."

"मालकांचा हुकूम आहे, चाचा."

"मालक नांदेडात हाय," बाई म्हणाली. "माझा लेक लातुरात हाय. आज चारच्या गाडीनं पलटणीत चाललाय."

तिचे नाव गयाबाई. मुलाचे ज्ञानोबा. आईला न विचारता त्याने पलटणीत नाव नोंदवले होते. घरी येऊन सांगितले, तेव्हा ती संतापाने बोलून गेली होती, "जा, पुन्हा तोंड दाखवू नको." तो खरोखरच गेला. पंधरा दिवस लातूरला मामाकडे राहिला आणि तिकडूनच निघणार होता. जाण्याचा दिवस आणि गाडीची वेळ त्याने पत्रात कळवली होती. भेटायला ये असे लिहिले नव्हते. पत्र तिने शाळेच्या मास्तरांकडून वाचून घेतले होते.

"लढाईवर चाललंय पोरगं," ती म्हणाली. "माझा त्यो शबुद त्याच्यासंगं जाया नको. माघारी घ्यायचाय मला."

मी घड्याळ पाहिले. आठ वाजून पाच मिनिटे. गाडी रेल्वेची, म्हणजे चार नव्या वेळेचे. घड्याळही नव्या वेळेचे. हिशेब सरळ होता.

"वर चढा," मी म्हणालो. "तीन-साडेतीनला पोचवतो."

हे मी शब्द देऊन बोललो. तिने मला दुसऱ्यांदा विचारले नाही.

माळाकोळीला पाण्यासाठी थांबलो. विहिरीवर एक शिक्षक हातपाय धूत होते. त्यांच्या मनगटावर घड्याळ पाहून मी वेळ विचारली.

"नऊ. जुने नऊ हां, ड्रायव्हरसाहेब. ते नवंबिवं आम्ही पाळत नाही."

माझ्या घड्याळातही नऊ होते. जुने नऊ असतील तर माझ्यात दहा हवेत. मी त्यांना तसे सांगितले. ते म्हणाले, माझे बरोबर आहे. मी म्हणालो, माझे स्टेशनाशी मिळवलेले आहे. गयाबाई वरून आमच्याकडे पाहत होती.

"म्हंजी किती वाजले?" तिने विचारले.

"नऊच," मी म्हणालो. मास्तरांना नव्या-जुन्याचा उलगडा झालेला नाही, असे मी मनाशी ठरवले. शिकलेल्या माणसाचीही गफलत होते, हा विचार मला त्या वेळी सुखाचा वाटला.

मन्याड नदीत पाणी घोट्याएवढेच होते, पण पलीकडच्या चढाला लॉरी तीनदा थांबली. तिसऱ्या वेळी गयाबाई खाली उतरली आणि मागून रेटू लागली.

"अम्मा, नक्को नक्को, हात जलेगा!" रसूलमिया ओरडले.

"जळू द्या. तुमच्या ह्या बंबापरीस माझा बैल बरा. त्याला सकाळी कडबा घातला की सांजपातूर पुन्हा विचारावं लागत न्हाई."

"बैल कू पीछे से ढकलती क्या तुम?"

"त्याला लाज असती, चाचा. ढकलावं लागत न्हाई."

अहमदपूरला पोचेपर्यंत गाळणी राखेने भरली होती. घड्याळात पावणेअकरा झाले होते. टपालकचेरीतील भिंतीवरचे घड्याळ दारातून दिसत होते, त्यात पावणेबारा. आता मी खरोखर गोंधळलो. टपालाचे घड्याळ नव्या वेळेचे असते. माझेही नव्या वेळेचे. मग हा तिसरा तास कुठला? मी आत जाऊन टपालबाबूंना विचारले. ते शिक्के मारीत होते.

"पावणेबारा. नवे."

"आपले घड्याळ तासभर पुढे आहे."

"ते हुकुमाने पुढे आहे," ते मान वर न करता म्हणाले.

या उत्तराने मला काही उमगले नाही. बहुधा यांनी हुकूम दोनदा अमलात आणला असावा, असा तर्क करून मी बाहेर आलो. एका घड्याळाने शंका यावी, दुसऱ्याने ती पक्की व्हावी, ही शहाण्याची रीत. मी दोन्ही घड्याळे चुकीची ठरवली, कारण मालकांनी माझे बरोबर म्हटले होते. नोकरीत माणूस असाच विचार करतो.

वेळ पुष्कळ आहे, असे समजून मी गाळणी पूर्ण उघडून धुतली. काथ्याचा थर उन्हात वाळवला. गयाबाईने गठुडे सोडून ज्वारीची भाकरी, ठेचा आणि तुरीच्या शेंगा आम्हांला दिल्या. स्वतः खाल्ले नाही. एक पुरचुंडी तिने बाजूला ठेवली होती. त्या पुरचुंडीला कोणी हात लावला नाही. अहमदपूर सोडले तेव्हा घड्याळात सव्वाबारा झाले होते.

चाकूरला पावणेदोनला लॉरी थांबवली. रसूलमियांनी कोळसा भरला, हात धुतले आणि खिळ्यावरचे घड्याळ पाहून म्हणाले, "जोहर की, दोपहर की नमाज की वखत है. पाँच मिनट रुक जा."

"रुका. नव्या वेळेने आत्ता पावणेदोन आहेत. चारला अवकाश आहे."

"नई वखत?" ते थांबले. "ये तो पुरानी है. मैं सुबूच काँटा पीछे घुमाया."

मी स्टिअरिंगवरचा हात काढला.

"का?"

"कैकू मतलब? तू घड्याळ मेरे हात में दिया. मैं देखा, एक घंटा आगे है. नमाज कू जंग से क्या लेना? मैं दुरुस्त किया."

"मला सांगितले का नाही?"

"दुरुस्त चीज कू क्या बोलना?"

त्यांच्या चेहऱ्यावर अपराध नव्हता. केवळ आश्चर्य होते. मालकांनी घड्याळ बरोबर करून दिले होते. चाचांनी ते पुन्हा बरोबर केले होते. दोन बरोबर मिळून आमचा तास गेला होता. मास्तर बरोबर होते. टपालबाबू बरोबर होते. सकाळचा उजेडसुद्धा बरोबर होता.

मी गयाबाईला सांगितले. नवी वेळ, जुनी वेळ, काटा. तिने सगळे ऐकून घेतले.

"मला ह्यातलं काय बी कळंना, दादा," ती म्हणाली. "एकच सांगा. घावंल का न्हाई पोरगं?"

रेल्वेच्या हिशेबाने पावणेतीन झाले होते. बावीस मैल राहिले होते. कोळशावर दोन तास. मी उतरलो, पेट्रोलचा डबा काढला आणि सगळा इंजिनाच्या पेट्रोल-टाकीत ओतला. तो डबा कुलपात ठेवण्याच्या मोलाचा होता. रसूलमियांनी गॅसची नळी बंद केली आणि गयाबाईला पुढे माझ्याजवळ बसवले. त्या दिवशीची त्यांची जोहर त्यांनी गाठींवर बसून केली की केलीच नाही, हे मी कधी विचारले नाही.

पेट्रोलवर लॉरी वेगळेच जनावर झाली. पण रस्ता तोच होता. आष्ट्याच्या पुढे कडब्याच्या गाड्यांची रांग लागली. गाडीवान उतरून, जू धरून, एकेक गाडी बाजूला घेत होते. मी भोंगा वाजवला तसे बैल आडवे झाले. तिथे वीस मिनिटे गेली. गयाबाई पुरचुंडी दोन्ही हातांनी धरून समोर पाहत होती. तिने एकदाही घड्याळ विचारले नाही.

लातूर स्टेशनात शिरलो तेव्हा फलाट रिकामा होता. घड्याळाखाली स्टेशनबाबू उभे होते. घड्याळात चार वाजून वीस मिनिटे.

"चारची गाडी?"

"चारलाच गेली. पलटणीची पोरेही गेली. तुम्ही जुन्या वेळेचे दिसता. या बाजूची निम्मी माणसे तासाने उशिरा येतात."

गयाबाई खाली बसली. रडली नाही. पुरचुंडी जमिनीवर ठेवून तिच्या गाठीवर बोट फिरवीत राहिली. रसूलमिया तिच्याजवळ उभे राहिले, मग दूर झाले. मी रुळांकडे पाहत होतो. माझा शब्द मला माघारी घेता येणार नव्हता.

साधारण दहा मिनिटांनी एक तरुण फाटकातून आला. डोक्याला तेल, डोक्यावर पत्र्याची ट्रंक. चालण्यात घाई नव्हती. तो बाईला पाहून थबकला.

"आई? तू हितं?"

ती वळली.

"लई लौकर आलीस," ज्ञानोबा म्हणाला. "म्या बी लौकरच आलो. गाडीला अर्धा घंटा हाय अजून. मामाच्या घड्याळात साडेतीनच झाल्यात."

गयाबाई उठली.

"मेल्या, गाडी गेली की!"

"कवा?"

"मला काय इचारतो? ह्या डायवरदादाला इचार. त्याला समद्या येळा ठावं हायत."

ज्ञानोबाने ट्रंक खाली ठेवली. त्याचा रंग उडाला होता. पलटणवाले धरून नेतील, असे तो पुटपुटला. स्टेशनबाबूंनी त्याचा कागद मागून घेतला, कंटाळलेल्या हाताने त्यावर काही लिहिले आणि सांगितले की उद्या सकाळच्या गाडीने जा; तू पहिला नाहीस. मग त्यांनी खात्रीसाठी विचारले, "सकाळचे आठ. कोणते आठ?"

"नवे," ज्ञानोबा म्हणाला.

गयाबाईचे तिकडे लक्ष नव्हते. तिने मुलाची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला.

"तोंड दाखव," ती म्हणाली.

त्याने दाखवले. एवढेच. मी तिथून निघालो, कारण माझे तिथे काम नव्हते.

मालाचे गोदाम बंद झाले होते. गाठी उद्यावर गेल्या. पेट्रोलबद्दल मालकांना काय सांगायचे ते मी ठरवू लागलो आणि जमले नाही. जी चूक झाली नसती तर पोराची गाडी सुटण्यापूर्वी बाई स्टेशनात उभी असती, पण पोरगा तेव्हा आलेलाच नसता, तिच्याबद्दल रागवावे की नाही, हे मला आज इतक्या वर्षांनीही सांगता येत नाही.

दिवस मावळत होता. रसूलमियांनी टाकीतली राख ओढून काढली, मी तिच्यावर पाणी मारले. वहीत पोचण्याची वेळ लिहिली: चार वाजून वीस, नवी. वर सकाळचे सहा होते. त्यांच्यापुढे 'जुने' असे लिहिले. मग घड्याळाला चावी दिली, काटा हलवला नाही, आणि ते खिळ्याला न अडकवता माझ्या उशाच्या घोंगडीत गुंडाळून ठेवले.