पंचेचाळीसच्या वेगातल्या अक्का

अक्का वर्षातून एकदाच रडायच्या, आणि तेही कार्यक्रमपत्रिकेत छापलेल्या वेळेला. आमच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात पहिल्या संध्याकाळी त्यांच्या दिवंगत यजमानांची, म्हणजे मंडळाचे संस्थापक तात्यासाहेब यांची, एकुलती एक रेकॉर्ड लावली जायची. सगळे माना खाली घालून उभे राहायचे. अक्का तेवढ्या पहिल्या रांगेत बसून तोंडावर पदर घ्यायच्या आणि त्यांचे खांदे हलायला लागायचे. ते बघून आजूबाजूच्या बायकाही डोळे पुसायच्या.

एरवी ही बाई रडणाऱ्यातली नव्हती. घराणं कैक पिढ्यांपासून बंगलोरचं. नव्वद सालानंतर मी बदली होऊन के. आर. पुरमजवळच्या कारखान्याच्या वसाहतीत आलो, तेव्हा सामान उतरत असतानाच शेजारच्या अक्का फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या. माझी पुस्तकांची खोकी पाहून म्हणाल्या, "एवढं वाचलंस, आणि कपाट ह्या दारातून जाणार नाही हे कळलं नाही होय रे?" कपाट खरंच गेलं नाही. माझी पुढची बदली होईपर्यंत ते व्हरांड्यातच राहिलं.

'स्वल्प' हे त्यांचं आवडतं माप. कानडीत स्वल्प म्हणजे थोडं. मीठ, भक्ती आणि प्रमुख पाहुणे हे तिन्ही स्वल्पच बरे, असं त्यांचं मत होतं. एकदा एक पाहुणे मराठी अस्मितेवर बोलायला उभे राहिले आणि बसायचं विसरले. अक्कांनी पहिल्या रांगेत पिशवीतून घेवड्याच्या शेंगा काढल्या आणि निवडायला घेतल्या. त्यांची भाजी निवडून झाली तरी अस्मिता शिवकालातच होती.

तर ती रेकॉर्ड. तात्यासाहेब गेल्यावर त्यांची पुस्तकांची ट्रंक मंडळाकडे आली, तिच्यात ही छोटी तबकडी निघाली. लेबल कसरीने खाल्लेलं, आडनाव तेवढं शिल्लक. मंडळाकडे देणगीत मिळालेला एक रेकॉर्ड प्लेअर होता. पोरं वेगाचा खटका फिरवतात म्हणून चिटणीस सबनीसांनी तो भजनांच्या मोठ्या रेकॉर्डींना लागणाऱ्या वेगावर ठेवून वर चिकटपट्टी मारली होती. त्या प्लेअरवर तबकडी लावली आणि खोल विहिरीतून यावा तसा एक जड, घोगरा पुरुषी आवाज आला. मागे कुठेतरी पखवाजासारखं काही घुमत होतं. खरखरीमुळे शब्द कळत नव्हते, त्यामुळे गाणं फार उच्च दर्जाचं असणार यावर एकमत झालं. शेवटी गायकाला हुंदका आवरत नाही, असं सबनीस दरवर्षी प्रास्ताविकात सांगायचे. तात्यासाहेबांना कुणी कधी गुणगुणतानाही ऐकलं नव्हतं. पण ते अध्यक्ष होते, आणि अध्यक्षांना काय येत नसतं?

मंडळाचा रौप्यमहोत्सव आला. सबनीसांनी ठराव मांडला की रेकॉर्डवरून कॅसेटी काढून घरोघरी द्याव्यात, वर तात्यासाहेबांचा फोटो आणि नाव छापावं, आणि मूळ तबकडी काचेच्या पेटीत कायमची ठेवावी. माझ्याकडे बरा प्लेअर होता, म्हणून काम माझ्याकडे आलं.

छोट्या तबकड्या मोठ्यांपेक्षा जलद, मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांच्या वेगाने वाजवायच्या असतात, एवढं मला माहीत होतं. तसा खटका फिरवला आणि सुई टेकवली. ढोलकी कडाडली आणि एक तरणी बाई नवऱ्याची टिंगल करायला लागली. हा नवरा बायकोने सांगितलेलं बाजारात विसरतो आणि घरी भलतंच घेऊन येतो. पडवळ सांगितलं तर पायताण आणतो. आवाज असा की ऐकणाऱ्याने आपली पिशवी तपासावी. गाण्याच्या शेवटी बाईला हसू आवरलं नाही. तो सबनीसांचा हुंदका. ते हसू मी रोज कुंपणापलीकडून ऐकत होतो.

तबकडी घेऊन मी शेजारी गेलो. अक्का ओट्याशी नारळ खवत होत्या. तबकडी बघून त्यांनी खवणी बाजूला सारली.

"लावलीस? नीट वेगात?"

मी हो म्हटलं.

"अय्यो," त्या म्हणाल्या आणि पाटावर टेकल्या.

मग सगळं सांगितलं. लग्न नवीन असताना एका रेकॉर्डवाल्याने त्यांना लग्नघरात गाताना ऐकलं आणि बोलावून नेलं. तात्यासाहेब बरोबर गेले होते. आत खोकले म्हणून त्यांना बाहेर काढलं. गाणं संपेपर्यंत ते दाराशी छत्री घेऊन उभे राहिले.

"ह्यांना फार आवडायचं ते. रविवारी लावायचेच. मग ह्यांनी मंडळ काढलं. अध्यक्षांच्या बायकोनं चारचौघांत नवऱ्याची खोडी काढायची कशी? मी साटोऱ्या करायला बसले."

आणि दरवर्षीचं ते रडणं?

"रडते कोण? पहिल्या वर्षी तो रेड्यासारखा आवाज आला आणि मला हसू फुटलं. पदर घेतला तोंडावर. तेवढ्यात चार बायका येऊन गळ्यात पडून रडायला लागल्या. आता त्यांना काय सांगू?"

मी कॅसेटींचं विचारलं. अक्कांनी तबकडी हातात घेतली आणि पदराने पुसली.

"हसू येत होतं तोवर चाललं. पण हे घरोघरी जाणार आणि खरी तबकडी पेटीत बंद. म्हणजे मी कधी गायलेच नाही, असं होईल की रे." मग पुन्हा खवणी ओढून म्हणाल्या, "कॅसेट काढू नकोस. समारंभाला तबकडी तेवढी आण, आणि तोंड बंद ठेव. जड जाईल तुला, पण प्रयत्न कर."

समारंभाला सबनीस नवं धोतर नेसून आले होते. त्यांनी हुंदक्याचा उल्लेख केला, सुई टेकवली आणि सगळे उभे राहिले. विहिरीतला आवाज सुरू झाला. अक्का उठल्या. पदर तोंडावर नव्हता, कमरेला खोचला होता. व्यासपीठाच्या पायऱ्या त्या सावकाश चढल्या. सबनीसांना वाटलं, फोटोला नमस्कार करायला आल्या, म्हणून ते अदबीने बाजूला झाले. अक्कांनी नखाने चिकटपट्टी उचकटली आणि खटका पुढे ढकलला.

ढोलकी उसळली. अध्यक्षांचा आवाज बघता बघता बाईचा झाला आणि सभागृहाच्या भोंग्यातून नवऱ्याचे वाभाडे काढू लागला. या वेगात शब्द न् शब्द कळत होता. माना खाली घातलेले लोक तसेच उभे, कारण अशा वेळी काय करायचं हे कार्यक्रमपत्रिकेत नव्हतं. गाणं संपलं. शेवटचं हसू वाजलं आणि त्यातच व्यासपीठावरचं हसू मिसळलं.

"बसा आता," अक्का म्हणाल्या. "किती वर्षं उभे आहात."

कॅसेटी निघाल्या, अक्कांच्या नावाने. पेटीत तात्यासाहेबांची छत्री ठेवावी अशी सूचना अक्कांनी केली. ती मंजूर झाली.

पुढे काही वर्षांनी अक्का गेल्या. शोकसभेत मंडळाने त्यांची कॅसेट लावली. ढोलकी सुरू होताच सबनीस सवयीने उभे राहिले. मग त्यांनी आजूबाजूला पाहिलं. कुणीही उठलं नव्हतं. ते खाली बसले, आणि थोड्या वेळाने त्यांचा पाय ठेका धरायला लागला.