गुरुजींच्या गालावरचे वण

कय्यूमभाईंच्या फोटोत काळी मुलगी सापडणं कठीण. देऊळगाव राजात कुणाच्या पोरीचं लग्न जुळवायचं म्हटलं की फोटोसाठी लोक थेट त्यांच्याकडे येत. टोकदार पेन्सिल घेऊन ते निगेटिव्हवर असा काही हात फिरवत की सावळी गोरी व्हायची आणि गालावरचे देवीचे वण पार नाहीसे व्हायचे. पुढे मांडवात काय व्हायचं ते नवरदेवाचं नशीब! फोटो चांगला आला नाही अशी तक्रार घेऊन एखादा आलाच, तर कॅमेऱ्याच्या काळ्या कापडाखालून डोकंही बाहेर न काढता ते म्हणत, "आडात नाही तं पोहऱ्यात कोठून येईल?"

मी शाळेत मास्तर होतो आणि त्यांच्या स्टुडिओच्या माडीवर भाड्याने राहायचो. आजारी पडलो की खिमट त्यांच्याच घरातून यायचं. माणूस मला मनापासून आवडायचा. फक्त फोटोला नावं ठेवायची सोय नव्हती, दोन दिवस बोलणं बंद व्हायचं.

महाराष्ट्र राज्य होऊन तीन-चार वर्षं झाली असतील. ज्यांनी आमची शाळा काढली त्या नारायणराव गुरुजींचा काळ्या दगडाचा पुतळा शाळेच्या आवारात होता. त्यांच्या पत्नी कौशल्याबाई आता एकट्या राहत होत्या आणि आठ दिवसांनी कायमच्या लेकीकडे नागपूरला निघाल्या होत्या. गुरुजींनी जन्मात फोटो काढू दिला नव्हता. "या तोंडाचा कसला फोटो?" म्हणायचे. तेव्हा बाईंनी कय्यूमभाईंना बोलावलं. "पुतळ्याचा फोटो काढून दे बापा," त्या म्हणाल्या. "इथं मी रोज जाता-येता पाह्यते त्यायले. तिथं कोठून दिसनार हायेत?"

कय्यूमभाई भर दुपारी गेले. उजेड म्हणजे दुपारचा, असं त्यांचं ठाम मत. चौथऱ्याच्या पायथ्याशी तिपाई लावली आणि खालून वर बघत फोटो घेतला. मला दाखवला तेव्हा गुरुजींची हनुवटी भोपळ्याएवढी झाली होती, डोळे पगडीखालच्या अंधारात बुडाले होते आणि मागचा झेंड्याचा खांब थेट पगडीतून उगवला होता.

मी खांबाचं बोललो.

"मास्तर, तुम्ही पाढे शिकवा," ते म्हणाले आणि पेन्सिल घेऊन बसले. चेहरा उजळला, गालावरचे खड्डे बुजवले, कोऱ्या दगडी डोळ्यांत बुबुळं घातली. फ्रेम करून मोठ्या ऐटीत बाईंकडे घेऊन गेले. गंमत बघायला मीही गेलो, खोटं कशाला सांगू.

बाईंनी चष्मा पुसला. बराच वेळ पाहिलं. "कय्यूम, हे कोन हायेत?"

"गुरुजी, काकी."

"मंग वण कोठी गेले?"

भाईंना वाटलं, आता कौतुक होणार. "साफ केले ना! पाथरवटानं टाकी नीट मारली नव्हती."

"टाकी म्याच मारायले लावली," बाई म्हणाल्या. "तो गाल गुळगुळीत करून बसला होता. मी बाजूले बसून एकेक वण घालून घेतला. लग्नात अंतरपाट खाली झाला तवा पहिल्यांदा तेच दिसले मले. लय भ्याली होती. मंग चाळीस वर्सं त्याच गालाकडे पाहून दिवस काढले. हा गोरा मानूस मी नागपूरले काऊन नेऊ?"

आडाचं आणि पोहऱ्याचं वाक्य भाईंच्या ओठांवर आलेलं मला दिसलं. त्यांनी ते गिळलं. इतक्या वर्षांत मी हे पहिल्यांदाच पाहत होतो. मग अगदी हळू त्यांनी विचारलं, "काकी, तुमाले ते कव्हा नीट दिसतात?"

"सकाळी, शाळा भरायच्या आंधी. ऊन एका बाजूनं येते नं, तवा. दुपारी तं मलेही नाही दिसत."

कय्यूमभाई माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत, पण रोज सकाळी पुतळ्यासमोर जाऊन बसत होते. उन्हाची तिरीप कपाळावरून गालावर कधी उतरते ते बघत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी गल्लीतल्या कडूबाची बैलगाडी मागून आणली. बैल सोडून गाडीला टेकू लावला, चाकांना दगड लावले आणि वर तिपाई चढवली. आता कॅमेरा गुरुजींच्या तोंडासमोर आला. पुतळ्यावरची कावळ्यांची घाण आदल्या दिवशीच धुऊन झाली होती.

"मास्तर," त्यांनी वरून हाक मारली, "खांब तं नाही येत ना मंधात?"

मला इतका आनंद झाला की गाडी डावीकडे सरकवा हे सांगायला मी क्षणभर विसरलोच.

फोटो धुऊन झाल्यावर त्यांनी पेन्सिल माझ्या हातात दिली. "तुमच्यापाशी ठेवा. हाताले खाज सुटते."

बाईंची नागपूरची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळची होती. आम्ही गेलो तेव्हा त्या ट्रंक भरत होत्या, पदर खांद्यावर घसरला होता. त्यांनी फोटो हातात घेतला आणि काचेवरून, त्या वणांच्या गालावरून बोट फिरवलं. मग गुरुजीच समोर येऊन उभे राहिल्यासारखं एकदम दचकून घाईघाईने पदर डोक्यावर ओढून घेतला.

कय्यूमभाई दाराबाहेर गेले आणि त्यांनी मलाही खुणेने बाहेर बोलावलं.