पडलेल्या उमेदवाराने घातलेला हार

वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलेला होता, तेव्हा माझे वडील कौन्सिलच्या निवडणुकीला उभे राहिले. त्यांचा पक्ष लहानसा, रूढींत सरकारने हात घालू नये म्हणणारा. दोन मोठ्या पक्षांपुढे ते सपाटून पडले.

दुसऱ्याच दिवशी वलगावच्या आमच्या मळ्यातल्या झेंडूचा हार करून ते मला राजापेठेत निवडून आलेल्या उमेदवाराच्या घरी घेऊन गेले आणि त्याच्या गळ्यात त्यांनी तो घातला. तो म्हणाला, “आता आमच्या पक्षात या. मानाची जागा देतो.”

“काहून?” वडील हसले. “आमी आधीच मोजके. मी बी तुमच्याकडे आलो, तं आमच्याकडे राहीन कोन?”

तो त्यांना फाटकापर्यंत पोचवायला आला. वडिलांचं बोट धरून मी ताठ मानेने घरी निघाले.