फेस न आलेलं स्थळ

हिंगोलीच्या पंचक्रोशीतल्या एकूण एक नळाचा आणि बोअरचा स्वभाव माझ्या थोरल्या साडूंना तोंडपाठ आहे. माणसांचा अभ्यास त्यांनी एवढा कधी केला नाही. खिशात औषधाची रिकामी बाटली आणि कागदात गुंडाळलेला साबणाचा तुकडा. कुणाकडेही गेले की समोर आलेलं पाणी आधी बाटलीत, त्यात साबणाचा कीस, मग बाटली कानाशी धरून खळखळ हलवायची. दाट फेस आला तर पाणी हलकं. नुसता पांढुरका चोथा तरंगला तर जड. मी आकड्यांचा माणूस. क्षार मोजायची पट्टी आणून दिली, तर म्हणाले, "पट्टी तुमच्याकडंच ठेवा, साडूभाऊ. साबण खोटं बोलत न्हाई." माझी बायको चहा देताना हटकून विचारते, "दाजी, आधी हलवून बघता का?" दाजी हसतात, आणि खरंच कपाकडे बघत राहतात.

जड पाण्यावर त्यांच्याकडे उपायही होते. पाणी उकळून निवू द्या, चुना खाली बसतो. तुरीची डाळ शिजत नसेल तर रात्रीच भिजत घाला, चिमूटभर सोडा टाका. आमच्या गल्लीतल्या निम्म्या चुली त्यांच्या सल्ल्यावर चालतात.

अशा माणसाच्या एकुलत्या एक मुलीला जवळच्याच साखरा गावातलं स्थळ आलं. मुलगा शिक्षक, माणसं सालस, मुलीच्याही मनात भरलेलं. मुलाचं घर बघायला गेलो, पाणी आलं आणि साडूंनी बैठकीतच बाटली काढली. फेस आला नाही. घरी येऊन म्हणाले, "लेकरू जन्मभर डाळ घोटत बसंल. जमायचं न्हाई."

मी म्हणालो, "अहो, जड पाण्यानं कुणी आजारी पडत नाही. भांड्यावर पापुद्रा धरतो, एवढंच."

"तुमची पोरगी असती तर?"

साडूंची मुलगी उठून आत गेली. पुढे तिला नाशिककडे दिली, धरणाच्या पाण्यावर. तिथे सुखात आहे. वर्षातून एकदा येते. फोनवर बापाला खूश करायला साबणाचा फेस दाखवते. पूर्वी साडू तो फेस शेजाऱ्यांनाही दाखवायचे. हल्ली "बरं, बरं" म्हणून बोलणं तिच्या सासूबाईंच्या तब्येतीकडे वळवतात.

परवा आम्ही दोघं एका बारशाला निघालो होतो. साखऱ्याला एसटी थांबली. साडू उतरले, टपरीवरच्या माठातलं पाणी पेल्यात घेतलं. हात सवयीनं खिशाकडे गेला, तिथेच थांबला. पाणी तसंच पिऊन टाकलं.

"कसंय?" मी विचारलं.

"हाय की. पिण्यासारखं हाय." मग गाडीत चढून खिडकीशी बसले. गाव मागं पडेपर्यंत बाहेर बघत होते.

"डाळ रात्रीच भिजत घातली असती," ते म्हणाले, "तर शिजली असती, साडूभाऊ."